वाहनावरचा झोत आणि पिकाची राखण

खरिपाचा भुईमूग शेंगा धरू लागला, मका दुधावर आला आणि पुढे रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली, की डोंगरकडेच्या व माळरानालगतच्या गावांतील शेतकऱ्यांची झोप उडते. दिवसभर उसाच्या फडात, ओढ्याकाठच्या झुडपांत किंवा वेड्या बाभळीच्या जाळीत दडून बसलेला रानडुकरांचा कळप अंधार पडताच बाहेर पडतो. तो जेवढे खातो त्याहून अधिक तुडवतो आणि उकरतो. भुईमुगाचे वाफे नांगरल्यासारखे होतात, मक्याची ताटे आडवी पडतात आणि चार महिन्यांच्या कष्टाचे फळ दोन रात्रींत मातीला मिळते.

या नुकसानीबद्दल शेतकऱ्याने संतापावे यात नवल नाही. बी-बियाणे, खत, मशागत व मजुरी यांचा खर्च हातचा गेलेला असतो. कर्जाचा हप्ता मात्र जागच्या जागी असतो. अशा माणसाला वन्यप्राण्यांच्या महत्त्वावर व्याख्यान देणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय. त्याची तक्रार खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विचार करावयाचा तो एवढाच, की संतापाच्या भरात हाती घेतलेला प्रत्येक उपाय पिकाला वाचवतो काय?

गावठी युक्ती

काही ठिकाणी शेतकऱ्यांच्या मुलांनी व गावच्या वेल्डिंगवाल्यांनी मिळून एक युक्ती शोधली आहे. जुनी जीप, पिकअप गाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली घ्यावयाची. तिच्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा जोडावयाचा. भंगारात निघालेल्या मालमोटारीचा दिवा चहूकडे फिरेल असा त्यावर बसवावयाचा. त्याला बॅटरीवरून तारा ओढावयाच्या, आणि बंदूकवाल्याला टेकून बसता यावे म्हणून आडवी दांडी व बैठक करावयाची. रात्री दहानंतर ही गाडी शेताच्या बांधाबांधाने व माळावरून फिरू लागते. झोत चहूकडे फिरतो, डोळे चमकले की गाडी थांबते आणि बार निघतो. विचारले तर उत्तर मिळते, ‘पिकाची राखण चालली आहे.’

या कामातील कारागिरी सामान्य नाही. मोडक्यातोडक्या सामानातून उपयोगी वस्तू उभी करण्याचे कसब आपल्या खेड्यांत आहे आणि त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु कसब चांगले म्हणून काम चांगले ठरत नाही. वाहनावर झोत बसवून रात्री केलेली शिकार ही पिकाची राखण नव्हे. तिने पीक वाचत नाही, माणसांचा जीव धोक्यात येतो आणि अखेरीस शेतकरीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. हे म्हणणे केवळ कायद्याच्या धाकाने केलेले नाही. शेतीच्या हिशोबानेही ते खरे ठरते.

डोळ्यांची चमक आणि तिचा चकवा

या युक्तीची सर्व भिस्त जनावरांच्या चमकणाऱ्या डोळ्यांवर आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, मांजर, हरिण, रोही, कोल्हा, लांडगा व बिबट्या यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक चकाकणारा थर असतो. अंधुक उजेड या थरावरून परत दृष्टिपटलावर पडतो व जनावराला रात्री अधिक चांगले दिसते. त्याच थरामुळे झोत पडताच डोळे दिव्यासारखे चमकतात. प्रखर उजेडाने दिपलेले हरिण पळण्याऐवजी क्षणभर जागीच उभे राहते, आणि शिकारी तेवढाच क्षण साधतो.

परंतु डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. माणसाच्याही डोळ्यांत तो नसतो. डुकराचे डोळे झोतात हरणासारखे लखलखत नाहीत; कोन जुळलाच तर फार तर मंद तांबूस छटा दिसते. याचा अर्थ प्रत्येक शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावा. ज्या रानडुकरासाठी हा खटाटोप केला ते झोताला सहसा सापडत नाही. ज्या माणसाला चुकवावयाचे तोही झोताने ओळखू येत नाही. आणि ज्यांचे डोळे दुरून लखलखतात त्यांत शेजाऱ्याची म्हैस, धनगराची मेंढी व माळावरचे हरिण ही असतात. ज्या साधनाला शत्रू दिसत नाही आणि घरचे ओळखू येत नाही, त्याला राखणीचे साधन म्हणणे कठीण आहे.

जीपगाडीने माळराने कशी ओस पडली

हा अनुभव आजचा नाही. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यानंतर लष्कराच्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या व हौशी लोकांच्या हाती पडल्या. तोपर्यंत काळविटाला माळाच्या विस्ताराचे संरक्षण होते. मोकळ्या रानात त्याला शिकारी दुरून दिसे आणि वेगात तो कोणालाही हार जात नसे. जीपगाडीने विस्ताराचे संरक्षण काढून घेतले आणि तिच्यावरच्या झोताने अंधाराचेही काढून घेतले. सपाट माळावर वाहन कोठेही जाऊ शकते. म्हणून सर्वांत मोठा घाला माळरानावरच्या प्राण्यांवरच पडला. पूर्वी दख्खनच्या पठारावर सर्वत्र दिसणारे काळवीट व चिंकारा पुढच्या काही दशकांत तुरळक जागी उरले. माळराने नांगराखाली आली हे त्याचे एक कारण होय. वाहनावरून होणारी बेसुमार शिकार हे दुसरे.

चित्त्याची गोष्ट सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ साली रात्री मोटारीतून जात असता एकत्र बसलेले तीन चित्ते पाहिले आणि तिन्ही मारले. भारतातील चित्त्यांच्या शेवटच्या खात्रीलायक नोंदींत या घटनेची गणना होते. १९५२ साली चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबिया देशातून विमानाने चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडावे लागले. एका रात्रीच्या काही गोळ्यांनी जे गेले ते परत आणण्यास किती सायास पडतात, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर माळढोकाची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. तरी आज हा पक्षी दिसणे हीच बातमी ठरते. काळविटासाठी अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली, व चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ साली अभयारण्ये झाली. काळवीटही ज्वारी-हरभरा खातो आणि या भागातील शेतकऱ्यांना त्याचा त्रास होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण काळविटाने कुरतडलेले पीक पुढच्या हंगामी पुन्हा पेरता येते. माळावरून नाहीसा झालेला कळप कोणत्याही हंगामी पेरून उगवत नाही.

पिकाच्या हिशोबात

आता शुद्ध शेतीच्या हिशोबाने पाहू. वाहन जेथे जाऊ शकते तेथे रानडुक्कर सहसा थांबत नाही. त्याचा मुक्काम उसात, उभ्या पिकात, नाल्यात व काटेरी जाळीत असतो. वाहन फिरते ते रस्त्याने, बांधाने व मोकळ्या माळाने. म्हणून डुकरासाठी निघालेली गाडी पुष्कळदा ससा किंवा हरिण घेऊन परतते. पिकाचे नुकसान करणारा कळप त्या रात्री शेजारच्या शेतात चरत असतो.

एखादे डुक्कर मारले गेले तरी फारसा फरक पडत नाही. रानडुकरांचा कळप मुख्यतः डुकरिणी व त्यांची पिल्ले यांचा असतो. पूर्ण वाढलेला नर बहुधा एकटा फिरतो. शिकाऱ्याची नजर या सुळेवाल्या नरावर असते, आणि शेत उकरणारा कळप तसाच राहतो. डुकरीण चार महिन्यांच्या आत विते व एका वेळी साधारणपणे चार ते सहा पिल्ले देते. अशा जनावराची संख्या महिन्यातून एखाद्या रात्रीच्या एखाद्या बाराने कमी होत नाही. बार झाला की कळप पांगतो, दुसऱ्याच्या शेतात शिरतो आणि दोन-चार रात्रींनी परत येतो. एका शेतकऱ्याचे संकट दुसऱ्याच्या गळ्यात घालणे एवढेच या शिकारीने साधते.

याहून वाईट गोष्ट जखमी जनावराची. चालत्या वाहनावरून, हलत्या झोतात, घाईने झाडलेली गोळी वर्मी लागेलच असे नाही. पाय मोडलेले किंवा पोटात छर्रे शिरलेले डुक्कर जवळच्या पिकात जाऊन पडते. सकाळी त्याच पिकात खुरपणीस किंवा वैरण कापण्यास बाया जातात. जखमी रानडुक्कर माणसाला पाहून पळत नाही. ते अंगावर येते, आणि त्याचे सुळे मांडी व पोट फाडतात. रात्रीच्या शिकारीची किंमत सकाळी शेतात जाणारी, त्या शिकारीची वार्ताही नसलेली बाई मोजते.

खर्चाचाही विचार करावा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर शंभर वॅटचा दिवा लावला तर तो आठ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह ओढतो. साठ अँपिअर-तासाची बॅटरी साडेतीन तासांत निम्मी होते. दोन दिवे असतील तर दोन तासही पुरत नाहीत. म्हणजे इंजिन बंद ठेवावे तर मध्यरात्री माळावर गाडी सुरू होत नाही, आणि चालू ठेवावे तर रात्रभर डिझेल जळते. तारांत फ्यूज नसेल आणि घासून आवरण निघालेली तार लोखंडी सांगाड्याला टेकली तर वाहन पेट घेण्यास वेळ लागत नाही. ओल्या काळ्या रानातून फिरलेल्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या व दाबली गेलेली जमीन यांचा तोटा तर कोणी मोजतच नाही. एवढे करून पिकाची राखण होते किती? हंगामात पीक तीस-चाळीस रात्री जपावे लागते. शिकारीची गाडी त्यांतल्या दोन-तीन रात्री निघते. उरलेल्या रात्री डुकरांच्याच.

अंधारातली माणसे

रात्रीचे शेत रिकामे असते असे समजणे ही मोठी चूक आहे. जेथे कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळते तेथे शेतकरी मध्यरात्री दारे धरीत असतो. कोणी माळ्यावर निजलेला असतो, कोणी खळ्यावर. सुगीनंतर रिकाम्या रानांत धनगरांचे वाडे बसलेले असतात. त्यांत मेंढ्या असतात, कुत्री असतात आणि लहान मुलेही असतात. ऊसतोड कामगारांच्या खोपी फडाच्या कडेला असतात. झोताच्या कक्षेबाहेरचे यांतले काहीही बंदूकवाल्याला दिसत नाही.

झोत फार तर दोन-तीनशे मीटरपर्यंत स्पष्ट दाखवतो. गोळी मात्र तेथे थांबत नाही. अगदी लहान, पॉइंट बावीसच्या रायफलीची गोळीसुद्धा सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मोठ्या रायफलीची गोळी त्याहून कितीतरी पुढे जाते, आणि मुरमाड माळावर दगडाला आपटून तिरपी उडालेली गोळी कोठे जाईल याचा नेम नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा सांगाड्यावर उभा असलेला माणूस एका खड्ड्याने चाकाखाली येतो. बांधावरून उतरताना वरचा भार एका बाजूस गेला तर ट्रॅक्टर उलटण्यास दुसरे कारण लागत नाही. हातात भरलेली बंदूक असताना घडलेला अपघात एकट्याचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. अशा गाडीतून फिरणारे सगळेच शेतकरी असतात असे नाही. पुष्कळदा गाडी बाहेरून येते, बंदूक बाहेरची असते आणि हौसही बाहेरचीच असते. ‘तुमचे पीक आम्ही राखून देतो’ असे सांगून मंडळी शेतात शिरतात. मांस वाटून घेतले की त्यांचे काम संपते. पंचनामा होतो तो शेतकऱ्याच्या गटात, आणि जबाब देण्यास बोलावणे येते ते शेतकऱ्यालाच. पाहुण्यांच्या हौसेसाठी आपल्या पिकाचे नाव वापरू द्यावे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

कायदा काय म्हणतो

मुंबई राज्यात वन्य पशु व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा १९५१ साली झाला. पुढे १९७२ साली संपूर्ण देशासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. त्या वेळी परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करण्यास मुभा होती. तरीही त्या अधिनियमाच्या कलम १७ ने चाकाच्या वाहनावरून शिकार करण्यास मनाई केली होती. कृत्रिम उजेडाचा वापर व सूर्यास्तानंतरची शिकार यांवरही निर्बंध होते. म्हणजे शिकार कायदेशीर असतानाही वाहन, झोत व रात्र या तिन्ही गोष्टी शिकारीच्या नीतीत बसत नव्हत्या. १९९१ साली हे कलम वगळण्यात आले, कारण परवान्याची शिकारच संपली. आज कलम ९ प्रमाणे अनुसूचीत नमूद केलेल्या वन्यप्राण्यांची शिकार सर्वत्र बंद आहे.

या अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. मारणे, पकडणे, फास लावणे, आमिष घालणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व त्यात येते. तेव्हा ‘बार चुकला, काहीच मिळाले नाही’ हा बचाव उपयोगी पडत नाही. वाहनाच्या व्याख्येत बैल, घोडा, उंट यांचाही समावेश आहे. मग जीप व ट्रॅक्टर सुटतील अशी आशा बाळगणे व्यर्थ होय. गुन्ह्यासाठी वापरलेले वाहन, हत्यार व साधन जप्त होते आणि गुन्हा शाबीत झाल्यास सरकारजमा होते. ज्या ट्रॅक्टरवर कर्जाचा बोजा आहे तो एका रात्रीच्या हौसेत घालवावा काय?

शिक्षाही लहान नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सामान्य गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काळवीट, चिंकारा, माळढोक यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत कैद तीन वर्षांहून कमी होत नाही, ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि दंड किमान पंचवीस हजार रुपये असतो. याशिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या खास मान्यतेवाचून वाहनाच्या पुढील बाजूस शोधझोत बसवता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

तथापि कायद्याने शेतकऱ्याला हात बांधून बसवलेले नाही. वन्यप्राणी मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस घातक झाला असेल तर कलम ११ प्रमाणे अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून, लेखी आदेशाने, त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर व रोही यांच्या उपद्रवाबद्दल असा अर्ज वनक्षेत्रपालाकडे करावा. आदेशात नमूद केलेला प्राणी, ठिकाण व अटी यांबाहेर जाऊ नये. असे मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. ते वाटून खाता येत नाही. प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

झोत वाहनावरून माळ्यावर

मग शेतकऱ्याने करावे काय? ज्या कसबाने शिकारीची गाडी तयार होते त्याच कसबाने राखणीची चांगली व्यवस्था उभी राहू शकते. तोच दिवा, तीच बॅटरी आणि तोच लोखंडी सांगाडा शेतातील माळ्यावर बसवावा. उंचावरून फिरणारा झोत, त्याच्या जोडीला डबा, फटाका किंवा भोंगा, आणि हाक मारली तर ओ देणारा शेजारचा माळा, एवढ्याने कळप शेतात शिरण्यापूर्वीच परततो. मात्र एकाच जागी एकच उजेड रोज ठेवला तर जनावर त्याला सरावते. म्हणून दिव्याची जागा, वेळ व आवाज बदलत राहावे. दिव्याच्या तारेत फ्यूज असावा आणि बॅटरी दिवसा सौर तक्त्यावर भरून घ्यावी.

राखण एकट्याने होत नाही. एक शेतकरी सलग चाळीस रात्री जागू शकत नाही. वीस शेतकऱ्यांनी पाळ्या लावल्या तर रोज दोघे जागले तरी प्रत्येकाची पाळी दहा दिवसांनी येते. एका शिवारात शक्यतो एकाच वेळी पेरणी झाल्यास पीक एकाच वेळी तयार होते व राखणीचे दिवस कमी होतात. सर्वांच्या आधी किंवा सर्वांच्या मागे पिकणारे एकटे शेत नेहमी अधिक सोसते. शेतालगतच्या वेड्या बाभळीच्या जाळ्या काढल्या तर डुकरांना दिवसा दडण्याची जागा दूर जाते.

कुंपणाच्या बाबतीत सौर कुंपण हे आज सोयीचे साधन आहे. त्यातील यंत्र सुमारे दर सेकंदास एक अतिशय अल्पकाळाचा धक्का तारेत सोडते. जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. डुक्कर जमिनीलगत मुसंडी मारून शिरते. म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी व तिच्याखालील गवत वेळोवेळी कापावे. गवत तारेस लागले की धक्का जमिनीत जातो आणि कुंपण नावापुरते उरते. कुंपणासाठी मिळणाऱ्या अनुदानाची चौकशी वन व कृषी विभागांच्या स्थानिक कार्यालयांत करावी. वीजवाहिनीवरून थेट प्रवाह सोडलेली तार ही मात्र सर्वस्वी निराळी वस्तू आहे. ती कुंपण नसून माणसे मारण्याचा सापळा आहे. तिने शेतमालकाच्या घरची माणसेही दगावतात. गावठी बॉम्ब व विषारी आमिष यांचाही विचार मनात आणू नये.

भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या दाट ओळी आणि मक्याभोवती एरंडाच्या ओळी पेरण्याचा उपाय थोड्या खर्चाचा आहे. त्याने डुक्कर पूर्णपणे थांबते असे नाही, पण राखणीचा भार हलका होतो आणि करडई-एरंडाचे उत्पन्न हाती येते. कोणताही एक उपाय संपूर्ण नाही. दोन-तीन उपाय एकत्र केले तरच गुण येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

येथे एक गोष्ट शासकीय सेवकांनी स्वतःशी मान्य केली पाहिजे. अर्जाचे उत्तर आठवडाभर मिळाले नाही आणि पंचनाम्यास येईपर्यंत पीक निघून गेले, की शेतकरी झोताच्या गाडीकडे वळतो. ज्या सेवकाने वेळेवर हजर व्हावयाचे तो झाला नाही, त्याला शेतकऱ्यास कायदा शिकवण्याचा अधिकार फारसा उरत नाही. शिकार थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग वनरक्षकाच्या नाक्यावर सुरू होत नाही; तो पंचनाम्याच्या कागदापासून सुरू होतो.

रानडुक्कर, रोही, हरिण यांसारख्या प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीबद्दल राज्य शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी घटनेपासून तीन दिवसांच्या आत वन कर्मचाऱ्यांकडे तक्रार दाखल झाली पाहिजे. ही मुदत पुष्कळांना माहीत नसते. म्हणून हंगामाच्या आरंभी प्रत्येक ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. गट क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र, नुकसानीची तारीख व अंदाज एवढ्या नोंदींचा साधा अर्ज तयार ठेवावा. नुकसान झालेले शेत साफ करण्यापूर्वी पाऊलखुणा व पडलेले पीक यांची छायाचित्रे काढण्यास सांगावे. तक्रारीची पोच शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत आपले काम संपले असे समजू नये. ग्रामपंचायतीत एक वही ठेवून कोणत्या शिवारात, कोणत्या आठवड्यात, कोणत्या प्राण्याने नुकसान केले याची नोंद केली तर पुढील वर्षी राखणीच्या पाळ्या व कुंपणाची जागा ठरवणे सोपे जाते. सामुदायिक मागणीलाही त्या वहीने वजन येते.

गाड्या तयार करणाऱ्या तरुणांना केवळ दटावून काही साधणार नाही. सांगाडे जोडणारे व बॅटरीचे जोडकाम जाणणारे हात गावात असतील तर सौर कुंपणाची दुरुस्ती, माळ्यांची उभारणी व भोंग्यांची जोडणी हे काम त्यांच्याकडे द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. ज्याच्या हाती गावाच्या राखणीची जबाबदारी येते, तो शिकारीच्या गाडीवर सहसा बसत नाही.

रानडुकराचा उपद्रव एका हंगामात संपणारा नाही आणि त्यावर झटपट उतारा आहे असे कोणी सांगू नये. परंतु रात्री शेतात उजेड लागावयाचाच असेल तर तो राखणदाराच्या माळ्यावर लागावा. त्या उजेडात पीक दिसते, शेजारी दिसतो आणि परतून जाणारा कळपही दिसतो. बंदुकीच्या नळीवरून पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही.